निळ्या दिव्याखालचे दिवस

माझं काम दिव्यांचं आहे. दिवे विकण्याचं नाही. कुठे कोणता दिवा, किती उंचीवर, कोणत्या रंगाचा, हे ठरवण्याचं. चिंचवड स्टेशनजवळच्या एका जुन्या इमारतीत आमचं छोटंसं ऑफिस आहे. आमची बहुतेक कामं चाकणच्या कारखान्यांची, थोडी हॉटेलांची, अधूनमधून एखादा बंगला. पांढरा उजेड म्हणजे पांढरा उजेड, त्यात काय ठरवायचं, असं बहुतेकांना वाटतं. मग मी दोन पांढरे दिवे शेजारी शेजारी लावून त्यांना खाली हात धरायला सांगते. एका दिव्याखाली हात पिवळसर, उबदार दिसतो. दुसऱ्याखाली तोच हात निळसर आणि थंड. उजेडाच्या रंगालाही तापमान असतं, ते केल्विनमध्ये मोजतात, आणि गंमत अशी की आकडा जितका मोठा तितका उजेड थंड. तीन हजारांचा दिवा संध्याकाळसारखा. साडेसहा हजारांचा म्हणजे भर दुपारचं ढगाळ आभाळ. त्या थंड उजेडात निळा भाग जास्त असतो. तो डोळ्यांत गेला की शरीर समजून चालतं, दिवस आहे, झोपायचं नाही. हे मी इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगितलंय की बोलताना मला विचारही करावा लागत नाही.

नवरा मला अशाच एका कामावर भेटला. चाकणला गाड्यांचे पत्र्याचे भाग बनवणारी एक कंपनी होती. रात्रपाळीत माणसं पेंगतात म्हणून तिथल्या मॅनेजरना सगळ्या शेडमध्ये साडेसहा हजारांचे दिवे हवे होते. मी लक्स मीटर घेऊन मशीन-मशीनपाशी उजेड मोजत फिरत होते आणि मेंटेनन्सचा एक शांत माणूस शिडी घेऊन माझ्या मागून येत होता. दिवसभर तो काही बोलला नाही. निघताना म्हणाला, "मॅडम, या दिव्यांनी रात्री जाग राहील, ते ठीक आहे. पण सकाळी घरी गेल्यावर झोप कुठून आणायची?"

हा प्रश्न मला तोवर कुठल्याच कारखान्यात कुणी विचारला नव्हता. मी घरी जाऊन आराखडा बदलला. पाळीच्या सुरुवातीला भरपूर थंड उजेड, उत्तररात्रीपासून तो हळूहळू उबदार करत न्यायचा, आणि सकाळी घरी जाताना कामगारांनी गडद चष्मे लावायचे. मॅनेजरनी त्यातलं निम्मं मान्य केलं. चष्म्यांना ते हसले. तो माणूस मात्र चष्मा लावून मोटारसायकलवरून गावाला जाऊ लागला, आणि गावातली माणसंही हसली. पंधरवड्याने त्याने मला फोन करून सांगितलं की किती वर्षांनी तो दुपारपर्यंत सलग झोपला. त्यानंतर फोन होत राहिले.

तो चाकणच्या पुढच्या एका गावातल्या शेतकरी घरातला, आणि मी पिंपळे गुरवच्या नोकरदार घरातली. माझी आई आधीच गेली होती. वडिलांनी फारसा विरोध केला नाही, त्याच्या आईने तर अजिबातच नाही. लग्नानंतर आम्ही चिखलीत फ्लॅट घेतला. खाली छोटी वर्कशॉप्स, दिवसभर लेथचा आवाज. आवाजाचं मला काही करता आलं नाही, पण उजेडाचं मी सगळं केलं. झोपण्याच्या खोलीला आतून काळं अस्तर लावलेले पडदे शिवून घेतले. एसीवर एक बारीक निळा दिवा सतत जळायचा, त्यावर चिकटपट्टी लावली. घरभर संध्याकाळसारखे दिवे लावले. त्या खोलीला तो गुहा म्हणायचा. तिसरी पाळी करून तो सकाळी यायचा, आम्ही एकत्र चहा घ्यायचो, तो गुहेत शिरायचा आणि मी ऑफिसला निघायचे. आम्ही दोघंच असताना मी त्याला अरे-तुरे करायचे आणि सासूबाई आल्या की अहो म्हणायचे. सासूबाईंना ते ठाऊक होतं. त्या गालात हसायच्या.

एकदा त्या मला म्हणाल्या, "तुज्यामुळं माजं पोरगं झोपाया लागलं गं." कामाबद्दल मला कुणी इतकं चांगलं कधी बोललं नव्हतं.

आठवा महिना लागला आणि बाळ घाईने आलं. सकाळी ऑफिसमध्ये पोटात कळ आली, दुपारी मी दवाखान्यात होते आणि संध्याकाळी मुलगी झाली. मी तिला नीट पाहिलंही नाही. कपड्यात गुंडाळलेलं काहीतरी घाईघाईने माझ्यासमोरून गेलं. सिस्टर म्हणाल्या, मुलगी आहे, रडली, पेटीत ठेवतोय. नवरा कंपनीतून तसाच युनिफॉर्मवर आला होता. तो पेटीपाशी जाऊन पाहून आला आणि मला म्हणाला की तिची बोटं तुझ्यासारखी लांब आहेत. बाकी काही त्याला सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी मला चाकांच्या खुर्चीवरून तिच्याकडे नेलं. काचेच्या पेटीत ती उताणी होती, नाकात नळी, पायाला तार, आणि अंगावर त्वचेशिवाय काहीच नसल्यासारखी. आणखी दोन दिवसांनी तिला कावीळ झाली. घाबरू नका, डॉक्टर म्हणाले, अशा वेळेआधी आलेल्या बाळांना ती होतेच. मग त्यांनी तिच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या आणि पेटीवर निळा दिवा लावला.

मी त्या दिव्याकडे बघत राहिले. जो उजेड झोपण्याच्या खोलीतून काढून टाकायला मी लोकांना सांगायचे, जवळपास तोच निळा होता. त्या निळ्याने त्वचेखालचं पिवळं विरघळण्याजोगं होतं आणि शरीरातून निघून जातं. हे मला माहीत होतं, कॉलेजात कधीतरी वाचलं होतं. पण माझ्या मुलीचं इवलंसं पोट त्या रंगात निळंजांभळं दिसत होतं, आणि पट्ट्यांमुळे मला तिचे डोळे दिसत नव्हते. माझ्या शेजारच्या बाईंचं बाळही तसंच होतं. त्यांनी मला विचारलं, या उजेडाने बाळाची झोप मोडत नसेल ना? मी त्यांना सांगितलं की डोळे झाकलेत, त्यामुळे त्याला हा रंग कळतच नाही. सांगताना मला स्वतःलाच धीर आला.

सासूबाई भेटायला आल्या. एका वेळी एकच माणूस आत सोडत होते, म्हणून त्यांनी काचेबाहेरूनच पाहिलं. बराच वेळ पाहत राहिल्या. मी बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "कसला गं ह्यो उजेड? थंड हाय का गरम?"

मी सांगितलं, थंडच आहे, कावीळ उतरवतो. त्यांनी मान हलवली. आमी बी लेकराला सकाळच्या कोवळ्या उन्हात धरायचो, त्या म्हणाल्या, तवा डॉक्टर कुठं होतं. म्हंजी ऊनच आणलंय की आत. मग त्यांनी मला पदराने तोंड पुसायला लावलं, कारण मी रडतेय हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

दोन-तीन दिवसांत कावीळ उतरली. ज्या दुपारी निळा दिवा काढला त्या दुपारी सिस्टरनी तिच्या डोळ्यांवरच्या पट्ट्या सोडल्या. तिने लगेच डोळे उघडले नाहीत. सिस्टर म्हणाल्या, तुम्ही खुर्चीत मागे टेकून बसा, आम्ही तिला तुमच्या छातीवर देतो. त्यांनी वरचे दिवे थोडे कमी केले. तिचं वजन मला कळलंच नाही, फक्त ऊब कळली. थोड्या वेळाने तिने डोळे उघडले, कुठेतरी माझ्या गळ्यापाशी पाहिलं आणि पुन्हा मिटले. तिच्याशी काय बोलायचं असतं हे मला अजून माहीत नव्हतं. सिस्टर म्हणाल्या, आवाज ऐकू दे की तिला. मग मी तिला आमच्या घरात कुठे कुठे कोणते दिवे आहेत ते सांगत बसले.

त्या संध्याकाळी आम्ही तिघं दवाखान्याच्या कँटीनमध्ये चहा प्यालो. नवरा खूप दिवसांनी हसला. सासूबाई बारशाला कुणाला बोलवायचं ते मोजायला लागल्या आणि मी त्यांना थांबवलं नाही.

मग जंतुसंसर्ग झाला. तो कसा झाला, कुणामुळे झाला, हे मी तेव्हाही विचारलं नाही. इतक्या लहान बाळांना होतो, डॉक्टरांनी सांगितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून मला त्यात खोटं काही वाटलं नाही. तिला दूध पचेना, मग ती हात-पाय हलवेनाशी झाली. नळ्या वाढल्या. तिला पुन्हा माझ्याकडे दिलं नाही. मी पेटीच्या गोल खिडकीतून हात घालून तिच्या तळपायावर बोट ठेवून बसायचे. मी झोपत नव्हते. म्हणजे झोपायला ठिकाण होतं, आयांसाठी वॉर्डाच्या मागे एक खोली होती, त्यात बाकं होती. पण तिथे वर दोन ट्यूबा सतत जळत असायच्या, आणि डोळे मिटले तरी तो पांढरा उजेड पापण्यांतून आत यायचा. मी बाकावर पडायचे आणि उठायचे.

एका दुपारी नवरा पहिली पाळी संपवून थेट आला. त्याने मला पाहिलं आणि म्हणाला की मी बसतो तिच्यापाशी, तू जाऊन थोडी पड. मी नको म्हणाले. तो मला हाताला धरून त्या खोलीत घेऊन गेला. खोलीत तेव्हा दुसरं कुणी नव्हतं. त्याने ट्यूबा बंद केल्या. खिडकीतून ऊन येत होतं. त्याने आपलं जाकीट खिडकीच्या चौकटीत अडकवलं, राहिलेल्या फटीत माझी शाल खोचली. दारावरच्या काचेवर वर्तमानपत्र लावलं. खोली घरच्या गुहेसारखी झाली. मी आडवी झाले आणि त्याने माझे पाय थोडे दाबले, तोवर मी झोपलेही होते.

मी जागी झाले ते सासूबाई माझ्या डोक्यावरून हात फिरवत होत्या म्हणून. दार उघडं होतं. मी विचारलं, काय झालं? त्यांनी माझं डोकं आपल्या मांडीवर घेतलं, आणि मला कळलं.

मी झोपल्यानंतर थोड्याच वेळात तिचा श्वास बिघडला होता. डॉक्टरांनी प्रयत्न केले. नवरा तिथेच होता. एका सिस्टरनी त्याला विचारलं होतं, आईंना बोलवायचं का. तो म्हणाला होता, झोपू द्या. पुढे मी त्याला एवढंच विचारलं, का? तो म्हणाला, "तू किती दिवसांनी झोपली होतीस."

त्यानंतर बरेच दिवस आमच्या घरात कुणी त्या दुपारबद्दल बोललं नाही. तिला आम्ही गावाला नेलं. सासरे नव्हते, चुलत दिरांनी सगळं केलं. मी चिखलीला परतले तेव्हा बाळासाठी तयार केलेला दिवा तसाच होता. जमिनीलगत, अगदी मंद, नारिंगी, रात्री दूध पाजताना बाळाची झोप मोडू नये म्हणून मी स्वतः बसवलेला. नवऱ्याने तो काढून ठेवला. कुठे ठेवला ते मी विचारलं नाही.

झोप मला सोडून गेली. मी त्या खोलीत, त्या पडद्यांआड, त्या उबदार दिव्यांत पडून असायचे आणि झोप यायची नाही. जे नियम मी ग्राहकांना सांगायचे ते सगळे मी पाळत होते. संध्याकाळनंतर मोबाइल नाही, टीव्ही नाही, थंड दिवा नाही. माझ्या डॉक्टरबाईंनी मला तेच पुन्हा समजावून सांगितलं, अगदी माझ्याच शब्दांत, आणि मी मान हलवत ऐकून घेतलं. खोली अंधारी झाली की मला ती दवाखान्यातली खोली आठवायची. मग मी दिवा लावायचे. मग मोबाइल घ्यायचे. शेवटी मी घरातले सगळे दिवे चालू ठेवू लागले. नवऱ्याने कंपनीत मागून सलग तिसरी पाळी घेतली. सकाळी तो यायचा तेव्हा मी स्वयंपाकघरात बसलेली असायचे. आम्ही चहा घ्यायचो. गुहेत तो झोपायचा, आणि तो झोपू शकतो याचा मला राग यायचा.

एका सकाळी चहा पिताना माझ्या तोंडून निघून गेलं, "तू मला उठवायला हवं होतंस."

तो कपाकडे बघत म्हणाला, "व्हय."

एवढंच. तो चिडला असता, त्याने काही कारण दिलं असतं, तर मी भांडले असते. तो आपल्या आईच्या बोलीत फक्त व्हय म्हणाला आणि झोपायला गेला. तो झोपला नाही, हे मला दाराबाहेरून ऐकू येत होतं.

सासूबाईंनी मला गावाला नेलं. ऑफिसमधून रजा मिळाली होती. त्यांनी मला काही समजावलं नाही, देवाचं काही करायला लावलं नाही. त्या एवढंच करायच्या की दिवस उजाडला की मला उठवून शेतावर न्यायच्या. उठवून म्हणजे तरी काय, मी जागीच असायचे. बटाट्याचं पीक निघालं होतं, वाफे मोकळे होते. दूर कारखान्यांच्या शेडा आणि त्यांच्या छपरांवर पडलेलं कोवळं ऊन. त्या बांधावर बसून तंबाखूची मिसरी लावायच्या आणि मला म्हणायच्या, पूर्वेला तोंड करून बस. मी बसायचे. हे मीही लोकांना सांगते, सकाळचा उजेड डोळ्यांना मिळाला की शरीराचं घड्याळ जागेवर येतं आणि रात्री झोप येते. सासूबाईंना ते घड्याळ वगैरे काही माहीत नव्हतं. घरात बसून माणूस सडतं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

आणि काही आठवड्यांनी मला झोप आली. एका रात्री जेवल्यावर डोळे जड झाले आणि मी सकाळी उठले, मधलं काही आठवेना. अंगात हलकं वाटत होतं. ते हलकं वाटणं लक्षात आलं आणि मला इतकं रडू फुटलं की सासूबाई चुलीपासून धावत आल्या. मला वाटलं, शरीराने तिला सोडून दिलं. माझ्या छातीतलं दूध आटलं होतं, पोट आत गेलं होतं, आणि आता झोपही परत आली होती. माझं शरीर बरं व्हायला लागलं होतं आणि मला ते नको होतं. हे मी सासूबाईंना कसंबसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "माजी बी दोन गेली गं. झोप येती. झोपंचा काय दोष न्हाई." त्यांची दोन मुलं गेली होती हे मला लग्नानंतर इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, त्यांच्या मुलानेही नाही. मी विचारलं, कधी? चुलीवरची भाकरी करपत होती म्हणून त्या उठून गेल्या.

मी चिखलीला परत आले. नवरा गावाला राहायला गेला. आम्ही तसं ठरवलं नाही. कंपनी गावापासून जवळ, आईला सोबत, असं तो म्हणाला, आणि मी बरं म्हणाले.

वर्ष होत आलं असेल तेव्हा ऑफिसमध्ये एका दवाखान्याचं काम आलं. आमचा दवाखाना नव्हे, दुसरा. त्यांना नवजात बाळांच्या विभागाचे सगळे दिवे बदलायचे होते. साहेबांनी मला आत बोलावून दार लोटलं आणि म्हणाले की हे मी दुसऱ्या कुणाला देतो, तू मनात आणू नकोस. मी म्हणाले, मला द्या. त्यांनी मला पुन्हा विचारलं नाही.

पहिल्या दिवशी मी तिथे गेले आणि निळ्या दिव्याखालची बाळं पाहून बाहेर येऊन जिन्यात बसले. मग परत आत गेले. तिथल्या मुख्य सिस्टर वयाने मोठ्या होत्या, मी त्यांना ताई म्हणू लागले. त्यांनी मला सांगितलं की त्यांना दोन उलट्या गोष्टी एकाच खोलीत हव्यात. बाळांना दिवस आणि रात्र कळायला हवी, म्हणजे संध्याकाळनंतर उजेड उतरायला हवा. पण मध्येच बाळाचा रंग बदलला तर तो त्यांना दिसायलाही हवा. आणि तिथे मला जे माहीत होतं ते कामी आलं. उबदार दिव्याखाली कावीळ झाकली जाते, सगळीच त्वचा पिवळसर दिसते. फार थंड दिव्याखाली सगळीच बाळं निळसर आणि आजारी दिसतात. मधला, रंग खरा दाखवणारा पांढरा दिवा लागतो, तो प्रत्येक पेटीवर वेगळा आणि फक्त तपासताना लावायचा. बाकी खोलीचा उजेड दिवसा भरपूर, खिडकीच्या बाजूने येणारा, आणि संध्याकाळी उतरत जाणारा. एका बाळासाठी लावलेल्या दिव्याने शेजारचं बाळ उठता कामा नये. मी त्यावर खूप काम केलं. दिव्याचे कोन बदलत, पेटीत बाहुली ठेवून, तिच्या चेहऱ्यावर किती उजेड सांडतो ते मोजत बसायचे.

आयांच्या खोलीकडे मी सगळ्यात शेवटी गेले. तिथेही छताला दोन ट्यूबा होत्या. खोलीला पडदे द्यायचे, ट्यूबा काढून मंद उबदार दिवे द्यायचे, म्हणजे बायकांना झोप लागेल, हे उघड होतं. ते मी आराखड्यात घातलं. मग मी ताईंना विचारलं की बाळाचं काही झालं तर झोपलेल्या आईला तुम्ही कसं उठवता? त्या म्हणाल्या, कुणीतरी जातं, कधी नवरे नको म्हणतात, कधी आम्हालाच धीर होत नाही. मी प्रत्येक बाकाच्या उशाशी एक छोटा दिवा दिला. त्याचं बटण वॉर्डात, सिस्टरांच्या टेबलापाशी. दाबलं की दिवा हळूहळू मोठा होतो, आई जागी होते. कुणी दार उघडून सांगायची गरज नाही, कुणी परवानगी द्यायची गरज नाही. साहेबांनी आराखडा बघताना त्या दिव्यांपाशी थांबून माझ्याकडे पाहिलं, आणि पुढचं पान उलटलं.

काम संपत आलं तेव्हा मी नवऱ्याला फोन केला आणि म्हणाले की एकदा येऊन बघ. विभाग अजून सुरू झाला नव्हता. तो जनरल शिफ्ट संपवून आला, हात धुऊन. मी त्याला पेट्यांवरचे दिवे दाखवले. तो मेंटेनन्सचा माणूस, त्याने एका दिव्याची वायर जरा सैल आहे ते लगेच सांगितलं. मग मी त्याला आयांच्या खोलीत नेलं आणि वॉर्डातून बटण दाबून आले. आल्यावर बघते तर तो बाकावर बसला होता आणि उशाशी दिवा हळूहळू उजळत होता. त्याला कळलं.

मी त्याच्या शेजारी बसले आणि विचारलं की मला सांग, त्या दुपारी काय झालं. मला पहिल्यापासून सांग.

त्याने सांगितलं. डॉक्टरांनी पेटी उघडली होती, वर मोठा पांढरा दिवा ओढून घेतला होता, आणि ते छातीवर दोन बोटांनी दाबत होते. मग ते थांबले आणि म्हणाले, थोडा वेळ आहे, तुम्ही घ्या तिला. नळ्या काढून तिला त्याच्या हातात दिलं. त्याने आधी तिला कधीच घेतलं नव्हतं. तो मोठ्या दिव्याकडे पाठ करून उभा राहिला, म्हणजे त्याची सावली तिच्या तोंडावर पडावी. तिने त्याचं बोट धरलं की नुसतंच तिचं बोट त्याच्या बोटाला लागलं, हे त्याला सांगता आलं नाही. तो तिच्याशी बोलला.

"काय बोललास?" मी विचारलं.

"सांगितलं, आई झोपलीय, लई दमलीय. मी हाय." मग म्हणाला, "नावाने हाक मारली तिला."

बारसं तर झालंच नव्हतं. आम्ही नाव ठरवलंही नव्हतं. त्याने तेव्हाच, उभ्या उभ्या, तिला एक नाव दिलं होतं आणि त्या नावाने हाक मारली होती, आणि ते त्याने वर्षभर कुणाला सांगितलं नव्हतं. त्याने ते मला सांगितलं. मी ते इथे लिहीत नाही. आम्ही दोघं त्या रिकाम्या खोलीत बसून ते नाव पुन्हा पुन्हा घेत होतो, कधी तो, कधी मी. तिथे आम्ही एकमेकांना धरून रडलो, वर्षात पहिल्यांदा.

तो मला म्हणाला, "मी तुला उठवलं नाही. ते माझं मला आयुष्यभर वागवायचंय." मी त्याला ठीक आहे असं म्हणू शकले नाही. मला म्हणायचं होतं. त्याला मी दोष देत नव्हते, त्याने प्रेमानेच केलं हे मला तेव्हाही माहीत होतं. पण माझ्या मुलीचा शेवटचा श्वास मी पाहिला नाही, आणि तो परत कुठूनही येणार नाही. मी त्याचा हात धरून बसले. खोलीच्या बाहेर कामगार सामान आवरत होते, त्यांनी दिवे बंद करू का विचारलं, तेव्हा आम्ही उठलो.

आम्ही पुन्हा एका घरात राहायला लागलो असतो तर सांगायला बरं वाटलं असतं. ते झालं नाही. एकदा दोघांनी प्रयत्न केला, तो महिनाभर चिखलीला राहिला. तो गुहेत झोपायचा आणि मी बाहेरच्या खोलीत, दिवा लावून. एका खोलीत, त्या पडद्यांआड, आम्ही दोघं झोपू शकत नव्हतो. सकाळी तो चहा करायचा आणि आम्ही तिच्याबद्दल बोलायचो, तिच्या नावाने. ते बोलणं संपलं की दुसरं बोलायला काही उरायचं नाही. महिन्याने तो पिशवी भरून निघाला तेव्हा मी त्याच्याबरोबर खाली पार्किंगपर्यंत गेले. त्याने मोटारसायकल सुरू केली, मग बंद केली, उतरून माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गेला. आमचा घटस्फोट झालेला नाही. कुणी विचारलं तर मी म्हणते, ते गावाला असतात.

तो दवाखान्याचा विभाग आता सुरू आहे. ताई कधीतरी फोन करून सांगतात की एखादा दिवा लुकलुकतोय, आणि मी माणूस पाठवते. मी स्वतः जात नाही. नंतर आम्हाला आणखी दोन दवाखान्यांची कामं मिळाली आणि तीही मीच केली.

सासूबाई दर रविवारी फोन करतात. शेतात काय लावलं, कुणाकडे लग्न निघालं, हे सांगतात. दुसरं मूल होऊ देण्याचा विषय त्यांनी एकदाच काढला, मी शेतातलंच काहीतरी विचारलं, मग त्यांनी तो सोडला. शेवटी त्या न चुकता विचारतात, "झोपतीस का गं पोरी?"

मी म्हणते, हो आई, झोपते. ते खरंच आहे. मग त्या सांगतात, "त्यो बी झोपतो."